शंभर भरले म्हणून

हॅलो?… हो आई, आकांक्षाच बोलून राह्यली… येऊन राह्यला ना आवाज, भांड्याईचाबी येऊन राह्यला. कुठून बोलता तुम्ही?… केळझरहून? गणपतीच्या देवळातून?… आज काऊन?

स्वयंपाक? कायचा स्वयंपाक?… नवसाचा! अवो आई, नवस तर लेकरू झाल्यावर फेडतेत ना… नाई, नाई, रागावून नाई राह्यली. तुमचंच नातवंड, तुम्हीच नवस बोलल्या. पण ऐका ना…

कोण? सुमित्राकाकू? नका देऊ फोन, आई, आत्ता नका… हॅलो… हो काकू… बरी हाय ना… नाई, उलटी-गिलटी काई नाई… बसूनच हाय, काकू. आईले द्या ना जरा… द्या ना.

हं. आई, बायाईपासून बाजूले या थोड्या… आल्या?… रिपोर्ट आला रक्ताचा. सकाळीच आला… गर्भ नाई रुजला, आई. याही खेपेले नाई… अवो, मशीन कायले चुकते? दोनदा पाह्यलं त्याईनं.

शंभर कायचे?… हो, पयल्या खेपेले चाळीस टक्के म्हणे डॉक्टरीणबाई. मंग पस्तीस. आता पंचवीस… हो, बेरीज शंभरच होते. म्हणून? म्हणून बायाईले जेवाले बोलावलं तुम्ही?

तसं नसते, आई… मागचे चाळीस जमा नाई राहत. दर खेपेले नव्यानं सुरू… नाई, फसवलं नाई तिनं. शंभरातल्या पंचवीस बायाईले राह्यते म्हणे. मी बाकीच्याईत… काय सांगू तुमाले, शाळेत पोराईले गणित शिकवते मी. तरी दवाखान्यात पडल्या पडल्या हीच बेरीज केलती. येड्यासारखी! मनात म्हटलं, आता तर शंभर भरले.

…नाई. आता नाई उरला. बर्फात ठेवलेला हा शेवटचाच होता. पुन्हा करायचं तर सगळं पयल्यापासून, त्या सुया, ते झोपून राहणं… नाई होत आता माह्याच्यानं. खरंच नाई होत, आई.

हे? बाहेर गाडीत बसून हायेत मघापासून. रडून राह्यले असतीन… जाते, जाते त्याईच्यापाशी. तुम्ही नका ना रडू. बाया पाहून राह्यल्या असतीन.

काय?… पंगत उठवता? छे! शिजलेलं अन्न हाय, आई. पानावर बसलेल्या बायाईले उपाशी नका धाडू वापस. वाढा.

कायच्या नावानं?…

आई… तीन खेपा तिघं आले होते माह्यापाशी. थांबले नाई, पण आले होते ना?… बायाईले नका सांगू काई. मनातल्या मनात म्हणा. त्या तिघाईच्या नावानं वाढा.

…हो.

…हो, आई. पोटभर वाढा.

ठेवते.