चार खाचा, चार पट्ट्या

बायको : परत बंद केलंत?

नवरा : बंद नाही केलं. त्याला पुनर्विचाराची संधी दिली.

बायको : दुपारपासून किती वेळा दिलीत संधी?

नवरा : मोजणं सोडून दिलं. मोजलं की माणूस खचतो. हे बघ, पंखे फिरताहेत, दिवे लागलेत, आणि स्क्रीन काळी. म्हणजे शरीर हजर आहे, पण समोरून प्रतिसाद नाही. माझा सकाळचा पहिला तास असाच असतो.

बायको : काल तर चालत होतं. माझे हात कणकेचे, तशीच बोलावून दाखवलंत मला.

नवरा : चालत होतं, तोच तर त्रास झाला. चालत असलेली वस्तू बघितली की माझे हात शिवशिवतात. आता ही रॅम घे. खोक्यावर जो वेग छापलाय तो वेग ती आपणहून धरत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तिला सांगावं लागतं. कालपर्यंत ती तिच्या सोयीने चालली होती. आज मी सांगितलं.

बायको : काय सांगितलंत?

नवरा : खोक्यावरचा आकडा. आणि थोडा वर.

बायको : थोडा वर कशाला?

नवरा : खोक्यावर आकडे छापणारे लोक भिडस्त असतात, असं इंटरनेटवर एकाने लिहिलं होतं.

बायको : कोणी?

नवरा : नाव नव्हतं. मांजराचा फोटो होता.

बायको : आणि तुम्ही कॉलेजात पोरांना तर्कशास्त्र शिकवता.

नवरा : म्हणून तर. बाकीच्यांना खड्ड्यात उडी मारावी लागते. मी पायरी-पायरीने उतरतो.

बायको : सातला पोरगी ऑनलाइन यायची खेळायला. आणि तोही असणार आहे.

नवरा : माहीत आहे.

बायको : दोन महिने झाले. ती म्हणते, याच्याशी लग्न करणार. तुम्ही म्हणता, बघू. त्याचा फोन आला की तुम्ही गॅलरीत, दोरीवरचे कपडे आणायला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी एक रुमाल आणला नव्हतात.

नवरा : ‘बघू’ आणि ‘नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

बायको : तिला एकच ऐकू येतं. शेवटी तिनेच तोडगा काढला ना बिचारीने? बाबा फोनवर बोलत नाहीत, तर खेळात तरी बोलतील. गेल्या शनिवारी तुमची पाठ धरली. त्याच्या आधी वीज गेली. फक्त आपल्याच घरातली. आज ‘मशीन बिघडलं’ म्हणालात तर ती पुन्हा बोलवायची नाही तुम्हाला. सांगून ठेवते.

नवरा : ते कळतंय मला. म्हणून तर घाम फुटलाय. गंमत म्हणजे आज पहिल्यांदाच कारण खरं आहे.

बायको : मग जुन्या मशीनवर खेळा.

नवरा : जुनं मशीन हेच. कॅबिनेट तेच, आतली आतडी बदलली. जुनी आतडी विकली.

बायको : कुणाला?

नवरा : एका शाळकरी पोराला. तो खूश आहे. काल मेसेज आला होता.

बायको : मग त्याला विचारा. होणाऱ्या जावयाला म्हणतेय मी. त्याने स्वतःचं मशीन स्वतः जोडलंय म्हणे.

नवरा : तो दातांचा डॉक्टर आहे.

बायको : आणि तुम्ही?

नवरा : अगं, ज्याच्यासमोर नाक वर ठेवायचं म्हणून एवढा प्रोसेसर आणला, त्यालाच फोन करून विचारू, की बाबा रे, हे चालू कुठून होतं?

बायको : नाक कसलं? तुम्ही तिघं एकाच बाजूने खेळणार ना?

नवरा : एकाच बाजूने. पण शेवटी पाटी येते. कुणी किती मारले, कोण किती वेळा मेला. सगळ्यांना दिसते.

बायको : लावलाय मी फोन. स्पीकरवर आहे.

नवरा : कुणाला लावलास? अगं, ठेव, ठेव—

(रिंग दोनदाच वाजते.)

फोन : हं, काकू, बोला.

बायको : अरे, यांना तुझ्याशी बोलायचंय.

फोन : सरांना? माझ्याशी?

नवरा : विशेष काही नाही. सहज. बाकी, दात काय म्हणतात?

फोन : दात… ठीक आहेत, सर. दवाखाना आज लवकर बंद केला. सातसाठी.

नवरा : उत्तम. इकडेही तयारी जोरात. एक तात्त्विक शंका होती. समजा, एका माणसाचं एक मशीन आहे—

बायको : यांचं मशीन बंद पडलंय.

नवरा : —आणि समजा, त्याची बायको शेजारीच उभी आहे.

फोन : सर, मदरबोर्डच्या उजव्या कडेला एक बारीक दिवा असेल. लागलाय का?

नवरा : लागलाय. पिवळा.

फोन : हां. तो रॅमचा. पिवळा लागल्यावर तुम्ही काय करता?

नवरा : वाट बघतो.

बायको : दोन मिनिटं. मग बटण दाबून धरतात.

फोन : दर वेळी?

बायको : दर वेळी.

फोन : सर, मग ते बिघडलेलं नाहीये. म्हणजे, मला तसं वाटतंय. रॅमचा वेग बदलला की मशीन रॅमच्या एकेका पट्टीची ओळख करून घेतं. कुठे पळते, कुठे अडखळते. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. पाच मिनिटं, दहा, कधी जास्तही. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

नवरा : म्हणजे ते बिचारं दुपारपासून नुसती ओळख करून घेत होतं.

बायको : आणि तुम्ही दर वेळी मध्येच उठवत होतात.

फोन : पट्ट्या किती लावल्यात, सर?

नवरा : चार.

फोन : चार का?

नवरा : खाचा चार होत्या.

फोन : अच्छा.

नवरा : ‘अच्छा’ म्हणू नकोस. स्पष्ट बोल. बनवणाऱ्याने चार खाचा ठेवल्या, त्या अर्थी चार पट्ट्या हव्यात, असा मी निष्कर्ष काढला. शिवाय दोन खाचा रिकाम्या बघून बरं वाटेना. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या आणि कोणी आलंच नाही, असं काहीतरी.

फोन : सगळ्यांना तसंच वाटतं. पण चार असल्या की प्रोसेसरला एवढा वेग सांभाळता येत नाही. दोनच ठेवल्या तर जास्त पळतं. दोन काढाव्या लागतील, सर.

नवरा : हे वाक्य तू दिवसातून किती वेळा म्हणतोस?

फोन : यात भूल द्यावी लागत नाही. आधी मागची वायर काढा. काढलीत? आता प्रोसेसरकडून मोजायचं. पहिली आणि तिसरी काढा, दुसरी आणि चौथी राहू द्या. टोकाचा खटका दाबा आणि सरळ वर ओढा. हलवू नका.

बायको : मी टॉर्च धरलाय. ही पहिली. ही नव्हे, ती.

नवरा : निघाली. अगं, डोळ्यात नको टॉर्च. ही दुसरी निघाली. म्हणजे तिसरी.

फोन : मस्त. आता एक गोल बॅटरी दिसेल, घड्याळात असते तशी. ती काढून पाच मिनिटं बाजूला ठेवा. मग तुम्ही वेगाबद्दल जे काही सांगितलंय ते सगळं मशीन विसरेल.

नवरा : माझे विद्यार्थी बॅटरी न काढता विसरतात.

बायको : तुला रे हे सगळं कसं माहीत?

फोन : फजितीतून, काकू. मीही असंच पिवळा दिवा बघून घाबरलो होतो. बोर्ड दुकानात परत नेला. सदोष माल देता म्हणून भांडलो, चांगला मोठ्याने. त्यांनी काही न बोलता तो टेबलावर जोडला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत स्क्रीन लागली. मग तोच बोर्ड बगलेत मारून घरी आलो. त्या रस्त्याने अजून जात नाही.

नवरा : हे मला आधी कोणी का सांगितलं नाही? दोन महिने मला एवढंच ऐकवण्यात आलं, की तू फार हुशार आहेस.

फोन : सॉरी, सर.

नवरा : नाही, नाही. ही चांगली बातमी आहे.

फोन : प्रोसेसर कुठला घेतलात?

नवरा : सोळा कोरचा. म्हणजे एकात सोळा कामकरी.

फोन : खेळायला?

नवरा : दुकानात मी विचारलं, यापेक्षा मोठा आहे का? ते म्हणाले, नाही. मग घेतल्याशिवाय राहवेना.

फोन : खेळ सहा-आठ कोरच वापरतात, सर.

नवरा : आणि बाकीचे?

फोन : बसून असतात.

नवरा : आमच्या स्टाफरूममध्ये त्यांची सोय होईल.

फोन : आठ कोरचा, पण मोठ्या कॅशचा घेतला असता तर खेळाला बरा पडला असता. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली मेमरी. लागतं ते तिथल्या तिथे मिळतं, रॅमपर्यंत सारखं धावावं लागत नाही.

बायको : मिठाचा डबा शेगडीजवळ ठेवावा, तसं.

फोन : अगदी तसंच, काकू.

बायको : मला विचारलं असतं तर सांगितलं असतं मी.

नवरा : बॅटरी बसवली. वायर लावली. बटण दाबतोय. पंखे सुरू. पिवळा दिवा. स्क्रीन काळी. सगळं पूर्ववत.

फोन : आता हात लावायचा नाही.

बायको : हात मांडीखाली घ्या. घ्या म्हणते ना.

नवरा : घेतले. आता काय करायचं?

फोन : काहीच नाही. बसायचं. सर, एक विचारू? तुमचं जुनं मशीन नीट चाललं होतं म्हणे. मग हे एवढं कशाला?

नवरा : गोळी उशिरा सुटत होती. मी मारेपर्यंत मलाच लागलेली असायची. वाटलं, मशीन मागे पडतंय.

फोन : ती वेगळंच सांगते. म्हणते, तुम्ही मुद्दाम हरता.

नवरा : कोण म्हणतं?

फोन : तीच. लहानपणी तुम्ही दोघंच खेळायचात ना? ती मागून आली की तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे. आणि वर म्हणायचात, अरेच्चा, गेली कुठे ही? तिला सगळं कळायचं म्हणे, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलायची नाही. परवा हसत होती. म्हणाली, बाबा अजून मला सातवीतलीच समजतात, अजून भिंतीकडे तोंड करून मरतात.

नवरा : किती मिनिटं झाली?

बायको : विषय बदलू नका.

नवरा : बदलत नाहीये. जाऊ दे, बदलत होतो. ऐक. ती शाळेत होती तोवर मुद्दाम. कॉलेजात गेली, तिथपासून मुद्दाम नाही.

फोन : म्हणजे?

नवरा : म्हणजे मी खरोखर हरतोय. पूर्ण ताकद लावून. ती मागून येते, मी शोधतो, सापडत नाही. बघतो तर समोर भिंत. पहिल्यांदा माउसला दोष दिला. माउस बदलला. मग स्क्रीन. मग इंटरनेटवाल्यांना दोन तक्रारी केल्या, सभ्य भाषेत. प्रोसेसर आणि रॅम हे शेवटचे संशयित होते. काल दोन्ही सुसाट चालले. आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा.

बायको : मला तर म्हणालात, मस्त चाललं.

नवरा : मशीन मस्त चाललं. म्हणून तर आज वेग वाढवला. मशीन निर्दोष सुटलं तर उरतं कोण?

बायको : अहो, मग ती पाठ, ती वीज?

नवरा : ती मला खेळताना बघते तेव्हा तिला वाटतं, बाबा लाड करताहेत. याला कशाला तसं वाटेल? हा नुसता बघणार. आणि खेळ संपल्यावर तिला सांगणार, अगं, तुझ्या बाबांना खरंच दिसत नाही. तिसऱ्या माणसाला आपल्या खेळात घेतलं, की… म्हणजे तिसरा मीच ना आता.

फोन : मी नाही सांगणार, सर.

नवरा : वचन नको. वचनावर माझा वर्गात पूर्ण एक तास असतो.

फोन : मग असं सांगतो. गेल्या शनिवारी तुमची वाट बघत ती नऊपर्यंत बसली होती. मी म्हटलं, आपण दोघं सुरू करू. नाही म्हणाली. तिसऱ्याची जागा भरू दिली नाही कुणाला. अनोळखी लोक येत होते, ती काढून टाकत होती.

बायको : ऐकलंत?

नवरा : ऐकू येतं मला. दिसत नाही, ऐकू येतं. आणि हे बघ, ते ‘सर’ बंद कर. मला सर म्हणणारे सगळे पास व्हायला आलेले असतात.

फोन : बरं, काका.

बायको : अहो, स्क्रीन लागली.

नवरा : कुठे? अरे हो. कधी लागली?

बायको : कोण जाणे. आपण बोलत होतो.

फोन : वेग आता सगळ्यात कमी असेल, पण आज पुरेल. मी येईन तेव्हा खोक्यावरचा आकडा लावू.

नवरा : आणि थोडा वर?

फोन : नाही, काका.

बायको : येईन म्हणालास ना? ये. केव्हा येतोस ते मला सांग, यांना विचारू नकोस.

फोन : हो, काकू. काका, ती आली ऑनलाइन. तुम्हाला शोधतेय.

नवरा : थांब, पासवर्ड. हां. हेडफोन एका कानावर ठेवतो. झालं. दिसतोय का मी तिला?

फोन : दिसलात. खूश आहे. काका, मी काय करू आज? तुमच्या पुढे राहू?

नवरा : पुढे नको. पुढचं मला अजून दिसतं. मागून कोणी आलं तर तेवढं सांगत जा. डावीकडून की उजवीकडून, बस.

फोन : पण खेळात बोललो तर तिलाही ऐकू जाईल.

नवरा : म्हणून तर म्हणतो, हा फोन ठेवू नकोस.