हिवरगडाच्या देवडीतली डोण

मंडळी, ऐका. आज राजाची कथा नाही, ऋषीची नाही. एका पत्राची कथा आहे. देवस्थळी गुरुजी नावाच्या गृहस्थांना एक पत्र आलं होतं, आणि त्याला त्यांनी दोन वर्षं उत्तर दिलं नाही. एवढंच आख्यान.

पण आधी एक प्रश्न विचारतो. आपण मौनाला फार मानतो. मौनव्रत म्हणतो, कमी बोलणाऱ्याला शहाणा म्हणतो. मग मला सांगा — कुणी आपल्याला साधा प्रश्न विचारला, उत्तर आपल्याला ठाऊक आहे, तरी आपण गप्प बसलो. तर ते मौन, की चोरी?

मला विचाराल तर मला नक्की सांगता येणार नाही. मी पुस्तकं वाचून बोलणारा माणूस. माझा आवाजही मागच्या खांबापर्यंत पोचत नाही, तेव्हा मागची मंडळी जरा पुढं सरका. गोष्ट सांगतो, निकाल तुम्ही लावा. एकदा नाम घ्या.

तर हे देवस्थळी गुरुजी. नरहर नाव. तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. फार सज्जन, फार वाचलेले, आणि फार भित्रे! दुकानात सुटे पैसे मागायलासुद्धा बायकोला पुढं करायचे. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी जवळच्या हिवरगड किल्ल्यावर एक पुस्तिका लिहिली. चाळीस पानांची. त्या पुस्तिकेमुळं गुरुजींना शाली मिळाल्या, हार मिळाले. जिल्ह्याच्या संमेलनात एकदा समईची वात पेटवायला मिळाली. हिवरगड म्हटलं की देवस्थळी, असं झालं.

त्या पुस्तिकेत एक वाक्य होतं. ‘देवडीत, म्हणजे दरवाज्याच्या आतल्या पहाऱ्याच्या ओसरीवर, घोड्यांना पाणी पाजण्याची दगडी डोण आहे.’ साधं वाक्य. कुणाच्या डोळ्यांत खुपेल का? नाही.

खुपलं. किल्ल्याच्या पायथ्याला हिवरवाडी. तिथल्या ठकूबाई लांघी. लिहिता येत नव्हतं, म्हणून शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतलं आणि पोस्टात टाकलं. पत्र काय होतं? ऐका.

‘गुरुजींना नमस्कार. तुमच्या पुस्तकात आमच्या डोणीला घोड्यांची म्हटलंय. ती डोण मी भरली, माझ्या सासूनं भरली, तिच्या सासूनं भरली. झऱ्यावरून रोज सकाळी अकरा खेपा. गडावर चढून आलेल्यानं आधी पाणी प्यायचं, मग त्याला नाव विचारायचं, अशी आमची रीत. आता गडावर मोठं हॉटेल करतायत. ते म्हणतात, बाई, तुम्ही भरू नका, डोण घोड्यांची आहे, पुस्तकात छापलंय. तर गुरुजी, एवढंच कळवा. तुम्ही ती डोण पाहिली होती का?’

बघा मंडळी! आधी पाणी, मग नाव. कोण तू, कुठला, कुणाचा — नंतर. आधी घसा ओला कर. देव याहून वेगळा वागतो का? पाऊस पाडताना तो कुणाचं नाव विचारतो?

आता खरं सांगतो. गुरुजींनी ती डोण पाहिली नव्हती. किल्लाच पाहिला नव्हता! त्या काळी वर जायचा रस्ता वाईट, गुरुजींना उंचीची भीती, आणि हाताशी एका जुन्या मोजणीदाराची टिपणवही आलेली. त्या वहीत होतं, ‘देवडीत पाण्याची डोण.’ बस, इतकंच. मग घोडे कुठून आले? गुरुजींनी आणले. लिहिताना वाक्य जरा बोडकं वाटलं, म्हणून त्यांनी दोन घोडे बांधले त्याला. हसू नका! आपण सगळेच बांधतो. ‘काल बाजारात गर्दी होती’ म्हणायच्या ऐवजी ‘पाय ठेवायला जागा नव्हती’ म्हणतो, तेव्हा काय करतो?

पत्र आलं आणि गुरुजींची झोप गेली. उत्तर लिहायला बसले. ‘आपले पत्र पावले. संदर्भ तपासून कळवतो.’ फाडलं. मग लिहिलं, ‘या विषयावर अभ्यासकांत दोन मते आहेत.’ अभ्यासक एकटा हाच! मतं दोन! तेही फाडलं. असे सात कागद झाले. प्रत्येक कागद आधीच्यापेक्षा विद्वान, आणि बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सातांत एकातही नाही. शेवटी ते पत्र त्यांनी एका जाड ग्रंथात घातलं आणि ग्रंथ वरच्या फळीवर ठेवला. वाटलं, मिटलं.

दोन वर्षांनी हॉटेलचं निमंत्रण आलं. गडाचं काम कधीच पूर्ण होऊन हॉटेल सुरू झालं होतं. व्यवस्थापक कर्णिक म्हणून होते, तरुण, अगत्यशील माणूस. त्यांनी लिहिलं होतं की आपल्या पुस्तिकेच्या आधारानं आम्ही गड उभा केला, तेव्हा सपत्नीक दोन दिवस राहायला या, दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच हस्ते घोड्यांच्या डोणीवरच्या पितळी पाटीचं अनावरण आहे. गुरुजी नको म्हणाले. पण त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी तोवर पिशवी भरली होती. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, तुम्ही मला एकदा तरी किल्ल्यात ठेवलंत का, असं त्यांचं म्हणणं.

गाडी थेट दरवाज्यापर्यंत गेली. मोठा दिंडी दरवाजा, तेल पाजून काळा कुळकुळीत केलेला. फेटे बांधलेली माणसं. आणि पहिलं काय झालं? आधार कार्ड! आधी नाव, मग नंबर, मग फोटो. गुरुजींना तिथंच पत्रातली ती ओळ आठवली, आणि त्यांनी कार्ड पुढं केलं. मग कर्णिक मोठ्या प्रेमानं म्हणाले, आता आपलं पारंपरिक स्वागत. देवडीत चला.

देवडीत भिंतीला एक कमान. तीन पायऱ्या चढून कमानीखाली जायचं, तिथं गादीची बैठक. गुरुजी चढले आणि — टण्! डोकं कमानीवर आपटलं. मंडळी, गुरुजींची उंची पाच फूट दोन इंच. पाच फूट दोन इंचाच्या मास्तराचं डोकं जिथं आपटतं, तिथं घोडा नेऊन दाखवा मला!

गुरुजींना ते त्याच क्षणी कळलं. डोकं चोळत बैठकीवर बसले, तर समोर, त्याच कमानीत, डोण. काठाचा दगड एका जागी खोलगट झिजलेला. दोन-तीनशे वर्षं तिथं कुणीतरी हंडा टेकवला असणार. पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. आणि एक बाई, पस्तिशीची, नऊवारी नेसवलेली, खाली बसून म्हणाली, ‘साहेब, पाय पाण्यात सोडा.’

गुरुजींनी पाय सोडले. काय करणार? पाय डोणीत गेले तेव्हा ती बाई पाठ केलेलं बोलायला लागली: पूर्वी या डोणीत घोड्यांना पाणी पाजत, आज आम्ही आपले चरण धुऊन आपलं स्वागत करतो. ते ‘घोड्यांना पाणी’ ऐकलं आणि गुरुजींनी मान खाली घातली. तेव्हा तिच्या पदरावरची नावाची पट्टी दिसली. वनिता लांघी.

त्यांनी हळूच विचारलं, हिवरवाडीच्या ठकूबाई लांघी आपल्या कोण?

‘सासूबाई,’ ती म्हणाली, आणि मग वर बघितलं. ‘तुम्ही पुस्तकवाले देवस्थळी का?’

गुरुजींना वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली नाही. टॉवेल घेतला, एक पाय पुसला, दुसरा पुसला. कर्णिक पुढच्या पाहुण्यांकडं गेले तशी ती अगदी सरळ आवाजात सांगू लागली. नवऱ्याची कंबर मोडलीय, म्हणून ही नोकरी घेतली. नोकरी चांगली आहे, माणसंही वाईट नाहीत. पण ज्या डोणीतलं पाणी लोकांना पाजलं, तिच्यात पाय धुतात हे सासूबाईंना कळलं, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्या हिच्या हातचं पाणी घेत नाहीत. जेवण घेतात. पाणी नाही. स्वतः उठतात, भिंत धरत धरत माठापर्यंत जातात.

‘त्या तुमच्या पत्राची वाट बघतायत,’ ती म्हणाली. ‘पोस्टमन आला की दारात जाऊन उभ्या राहतात.’

गुरुजींनी म्हटलं, मी आजच खाली येतो आणि त्यांच्या पाया पडून सांगतो.

‘तोंडी नको, गुरुजी. तुमचं छापलेलं आहे. तोंडी सांगितलेलं गडावर कोण धरणार? पोस्टानं येऊ द्या. पोस्टमन पारावर चारचौघांत वाचून दाखवतो.’

बोला मंडळी, बाई शिकलेली किती? सातवी. आणि कागदाची किंमत कुणाला कळली?

खोलीत विमलाबाई हरखून गेल्या होत्या. पलंग इतका उंच की चढायला लाकडी पायरी. उशा सात प्रकारच्या, आणि कुठली हवी ते निवडायला छापील यादी! न्हाणीघर बघून त्या म्हणाल्या की अहो, यात आपलं स्वयंपाकघर मावून वर देवघराला जागा उरेल. गुरुजी मेजाशी बसले होते. हॉटेलचा जाड, पिवळसर कागद. त्यावर त्यांनी आठवं उत्तर सुरू केलं: ‘उपलब्ध साधनांच्या मर्यादा लक्षात घेता…’

विमलाबाई मागून वाचत होत्या. त्यांना पत्राबद्दल काही माहीत नव्हतं. मग गुरुजींना सगळं सांगावं लागलं. डोण, घोडे, फळीवरचा ग्रंथ, माठापर्यंत भिंत धरून जाणारी म्हातारी. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘त्या बाईंनी विचारलंय काय? पाहिली होती का, एवढंच ना?’

‘हो.’

‘मग लिहा ना, नाही म्हणून. दोन अक्षरं आहेत.’

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, ‘अगं, ती दोन अक्षरं लिहिली तर बावीस वर्षं मला लोकांनी हार कशासाठी घातले?’

इथं थांबा, मंडळी. हीच ती जागा. त्या डोणीत सासूचं पाणी अडकलंय, सुनेचं घर अडकलंय, आणि वर झाकण कशाचं? एका माणसाच्या अब्रूचं. ती अब्रूही खोटी नव्हती हो! चाळीस पानांत एकोणचाळीस पानं चांगली होती. पण त्या एका पानाची चूक कबूल केली तर उरलेलीही जातील असं माणसाला वाटतं, आणि तिथंच तो फसतो. विमलाबाईंनी काय उत्तर दिलं? काहीच नाही. त्या म्हणाल्या, मी चहा सांगते. कधीकधी बायको गप्प बसते ते मौन खरं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवडीत पाहुणे जमले. पाटीवर मखमली पडदा. कर्णिकांनी गुरुजींची ओळख करून दिली आणि दोरी त्यांच्या हातात दिली. गुरुजींनी दोरी ओढली नाही. आवाज मुळातच बारीक. ते म्हणाले, ‘या पायऱ्या घोडा कसा चढला असेल?’

लोक हसले. त्यांना वाटलं, मास्तर विनोदी आहेत. गुरुजी हसणं थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, ‘मी इथं काल पहिल्यांदा आलो. ही डोण न बघता मी तिला घोड्यांची म्हटलं. ही माणसांची आहे. खालच्या लांघींच्या घरातल्या बायका ही भरत आल्या. मी पाटी उघडणार नाही.’

आभाळ कोसळलं का? नाही. दोन पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. एक बाई डोणीच्या काठावरची झीज बोटानं चाचपून बघायला लागली. कर्णिकांनी गुरुजींना बाजूला घेतलं. ते रागावले नव्हते, अडचणीत आले होते. म्हणाले, सर, पुस्तिका प्रत्येक खोलीत ठेवलीय, मी मालकांना नुसत्या बोलण्यावर काय सांगू? मला लेखी द्या, म्हणजे पाय धुणं आजच बंद ठेवतो, पुढचं मालक ठरवतील. गुरुजी म्हणाले, देतो, पण तुमचा कागद दुसरा. पहिला ज्यांचा आहे त्यांचा.

बरं, आता तुमच्याकडं वळतो. वळायलाच हवं, त्यासाठी तर तुम्ही बसलात. गुरुजींना हसलात. तुमच्या घरी वरच्या फळीवर कुणाचं पत्र आहे? भावानं विचारलं होतं, त्या दिवशी तू का आला नाहीस. लेकीनं विचारलं होतं, माझं ऐकलं का नाही. तुम्ही म्हणालात, वेळ आली की सांगू. वेळ कुणाकडं येते हो? विचारणारा दारात उभा असतो आणि आपण शब्द शोधत बसतो. देव विद्वत्ता मागत नाही. तो विचारतो, पाहिलं होतंस का? आणि आपण सांगतो, दोन मतं आहेत!

आणि कुणी म्हणेल, बुवा, तुमच्या फळीवर काय आहे? आहे हो. म्हणून तर आवाज बारीक येतो.

गुरुजींचं शेवटचं ऐका. दहा वाजता दोघं नवराबायको चालत हिवरवाडीत उतरले. उतार होता, गुरुजींना भीती वाटत होती, विमलाबाईंनी कोपर धरलं होतं. पोस्ट म्हणजे एका घराची पुढची खोली. पोस्टमास्तरांनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि म्हणाले, अहो, या तर समोरच राहतात, ते बघा दार, मीच नेऊन देतो, तिकीट कशाला? समोरच्या दारात खरंच एक म्हातारी चौकटीला धरून उभी होती.

गुरुजी म्हणाले, ‘नको. शिक्का मारा.’

पाकिटात एकच कागद होता. त्यावर लिहिलं होतं: ‘ठकूबाई, नाही, मी ती डोण पाहिली नव्हती. आता पाहिली. ती तुमची आहे. घोडे माझे होते. हे उत्तर द्यायला दोन वर्षं लावली, तो अपराध वेगळा. आपला, नरहर देवस्थळी.’

पोस्टमास्तरांनी शिक्का शाईत बुडवला आणि तिकिटावर मारला.