के. आर. पुरमच्या चढावर गाडी बंद पडते त्याबाबत

बंगलोर, ऑक्टोबर १९६१

मी पद्माकर विठ्ठल सोहोनी, वय ३४, धंदा नोकरी (कारखान्यात इंजिनिअर), राहणार चामराजपेट, बंगलोर. समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर आई ठकुबाई हिच्यासह राहतो. हवालदार हणमंतराव बेळगावकडचे आहेत, म्हणून मी मराठीत सांगतो ते तसंच उतरवून घेत आहेत. आज सकाळी मी याच ठाण्यात माझा मित्र नागनाथ शिवाप्पा याच्याविरुद्ध माझ्या गाडीत मुद्दाम बिघाड केल्याची तक्रार दिली. ती मला मागे घ्यायची आहे.

नागनाथ मूळचा निपाणीचा, माझ्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आहे. आम्ही दोघांनी लष्कराच्या लिलावातून अमेरिकन ट्रकचं आठ सिलिंडरचं इंजिन घेतलं आणि एका जुन्या इंग्रजी मोटारीत बसवलं. सिलिंडर बोअर केले, हेड तासून कॉम्प्रेशन वाढवलं, एका कार्बुरेटरच्या जागी दोन लावले. मूळ मोटारीच्या कितीतरी पट ताकद झाली. येत्या रविवारी शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत आहे. गाडी कोणी चालवायची यावरून आमची जुंपली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली. नागनाथ हिरमुसला, हे मी सकाळच्या तक्रारीत मुद्दाम ठासून सांगितलं होतं.

चाचणीला आम्ही के. आर. पुरमकडे जातो. सपाटीवर गाडी सुरेख पळते. चढावर पुरता ॲक्सिलरेटर दाबला की खोकते, गचके देते आणि बंद पडते. मागे उतारावर आणून जरा थांबलं की पुन्हा सुरू होते, आणि आम्हीच तिला उगाच नावं ठेवली असं वाटायला लागतं. मी प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, टायमिंग नव्याने लावलं. पेट्रोल पंप तापत असेल म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळलं. हेड उतरवून गॅस्केट बघितलं, ते धडधाकट होतं. माझं ठाम मत, बिघाड स्पार्कचा. नागनाथ दोनदा म्हणाला, "टाकी बघूया की स्वल्प." मी त्याला उडवून लावलं. कारखान्यात माझ्या निदानाला मान आहे, हेही लिहून घ्यावं.

आज सकाळी अंगणात आलो तर नागनाथ टाकीत रबरी नळी घालून पेट्रोल डब्यात उतरवत होता. जाब विचारला, तर मान खाली घालून "काय नाही रे, सहज," एवढंच बोलला. डब्याच्या तळाशी पाणी आणि पांढऱ्या गुठळ्या. माझं डोकंच फिरलं. त्याला दंडाला धरून इथे आणलं. गुन्हा नोंदला गेला तर त्याची नोकरी जाईल हे मला ठाऊक होतं, तरीही गुन्हा नोंदवाच असा आग्रह मी धरला. हणमंतराव म्हणाले, "सरी, बरं, दुपारपर्यंत बघू," आणि त्याला बाकावर बसवून ठेवलं.

घरी गेल्यावर रसायन कोणतं ते ठरवण्यासाठी गुठळी हुंगली. पेट्रोलशिवाय कसलाच वास येईना, म्हणून जिभेला लावली. आंबटगोड लागली. तेवढ्यात आई वाटी घेऊन बाहेर आली.

"आज गाडी न्यायची नाही का? मग हे दही झाकून ठेवते."

महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. दर चाचणीला आई आम्हा दोघांना देते. नागनाथ तिला अक्का म्हणतो.

मी विचारलं, "गाडीलाही देतेस?"

"मग? जायचं तर तिलाच असतं. तुम्ही हात धुवायला गेलात की मागचं झाकण काढून घालते. रोज बंद पडून येते बिचारी, म्हणून हल्ली दोन चमचे."

दही पेट्रोलमध्ये मिसळत नाही, तळाशी बसतं. आमच्या टाकीची नळी मागच्या अंगाला आहे. चढावर सगळं मागे सरकतं आणि नळी तुंबते. माझं निदान इथे पूर्ण झालं.

मी धावत ठाण्यात आलो. नागनाथ सकाळपासून उपाशी आहे हे कळल्यावर आईही डबा घेऊन मागोमाग निघाली. ती पोहोचायच्या आत मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं का.

तो म्हणाला, "गेल्या आठवड्यात बघितलं की. अक्कांना काय सांगणार? तुमच्या दह्यानं गाडी अडतीया म्हणून? माझ्याबी हातावर घालतात त्या, पोटच्या पोरागत. म्हणून गपचिप उपसत होतो."

मला फार लाज वाटली. तसंच लिहा, असं मी हवालदारांना सांगितलं. रविवारी गाडी नागनाथने चालवावी असं मी त्याला म्हणालो. तो कबूल झाला, पण एका अटीवर. आईला दही घालायचं ते घालू द्यायचं, कोपऱ्यावर वळल्यावर टाकी उपसायची आणि मग धावपट्टीकडे निघायचं. ही अट मला मान्य आहे.

नागनाथविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्याला सोडावं ही विनंती.

हा जबाब मी बोललो तसाच उतरला आहे. मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. आई दाराशीच नागनाथला जेवायला वाढत आहे, म्हणून हवालदारांनी तो हळू आवाजात वाचला.

सही/- प. वि. सोहोनी