या दंडावर आज कप नको

कोणीच विश्वास नाही ठेवला, सोनिया दीदी, एकानं पण नाही—लाव, पाठीवर लाव तुझे ते हवा ओढायचे कप, गुडघ्यावर लाव, ह्या दंडाले मात्र आज हात नको लावू. काहून म्हणजे? सांगून राहिली ना. परवा नागपूरवरून पोरीचे मायबाप आले होते. आमच्या पोट्ट्याले पोरगी देऊन राहिले ते—ईरा नाव, इथंच बँकेत जाते, गरीब स्वभावाची पोट्टी. तिच्या मायले मी स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं अन् म्हटलं, "बाई, इथं पोरगी देऊ नका." ती हसली. म्हणे, कोणती माय आपल्याच पोराचं लग्न मोडते? मग मी बाही वर केली, दंड दाखवला. तर आमचे हे मागं उभेच—ऑफिसातून रिटायर झाले, खोटं बोलण्यातून नाही झाले—म्हणे, अहो, हिचे सांधे दुखतात, बीरगांवले जाते कप लावायले, त्याचेच डाग. झालं. तिची माय म्हणे, आमच्याकडे पण लावतात, फार आराम पडते. मग सगळे कप-कप करत बसले, पोहे खाल्ले, इथल्या सदर बाजारात सोनं पाहायले गेले. मी भांडे घासले.

ओढ, जोरानं ओढ तुझा पंप, मले लागत नाही. खरंच नाही. आधी दुखे. आता हात आहे का नाही, तेच समजत नाही—लाकूड. हव, पाहा तूच. तुझा कप गोल उठते, पुरीसारखा. अन् हे? चार बोटं, अन् मागं हा अंगठा. गोल कुठं आहे? म्हणून म्हणते, तिथं कप लावशील तर बोटं बुजतील. रविवारपर्यंत राहिले पाहिजेत. रविवारी मी ईराले घेऊन येते, साडी घ्यायची म्हणून. तू बोलू नको काही. तिच्या हातावर एक कप लाव, काढ, अन् माझा दंड तिच्या बाजूले ठेव. शिकलेली आहे, समजन.

काय? यांचा हात? छे. यांनी जन्मात बोट नाही लावलं मले. ते तर पेपर वाचून राहिले होते. भाजीत मीठ कमी पडलं होतं, मले भिंतीशी धरलं, अन् हे पेपरमागून म्हणाले, "हळू." एवढंच.

काढ कप. पदर दे इकडे. नाव कशाले पाहिजे तुले—लग्नाच्या पत्रिकेवर छापून राहिले ना, ईराच्या बाजूले, सोनेरी अक्षरात.

शेखर.