मळ्यातले श्रोते

लोकप्रियता कशी उतरते, ते मी कोल्हारला एका महिन्यात पाहिलंय. एकाहत्तर साली कलकत्त्याहून शिकून परतलो, तो इलेक्ट्रिक गिटार घेऊनच. रॉक ऐकून गावची तरुण पिढी पेटून उठेल, याची मला खात्री होती. पहिल्या दिवशी आमच्या गच्चीखाली सगळं गाव लोटलं. पुढच्या आठवड्यात दहा-बारा जण उरले आणि महिनाअखेरीस फक्त शेजारचं कुत्रं. वीज दिवसातून कधीतरी यायची. ती आली की मी स्पीकर नदीकडे वळवून रिकाम्या रस्त्यासाठी वाजवायचो. शेवटी वैतागून गिटार पेटीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारचे तात्या चार-पाच शेतकऱ्यांना घेऊन दारात उभे.

"काय रे, आजारी हाईस का?"

"नाही तात्या, वाजवणं सोडलं. कुणी ऐकतच नाही."

"न्हाई कसं? आमी समदे मळ्यात बसून ऐकतो की! तुझं सुरू झालं म्हंजी लाईट आली. मग पळत जाऊन विहिरीवरची मोटार चालू करायची. दोन दिस तू गप, आन् आमी बसलोय वाट बघत. ऊस सुकाय लागला ना!"

मी हिरमुसलो. "म्हणजे गाणं आवडत नाही?"

"लई आवडतं! तू वाजवलं की समद्या शिवारात पानी खेळतं. कुन्या गवयाला जमलंय का आसं?"

तेवढ्यात घरातला दिवा लागला. मी धावत जाऊन गिटार काढली, गच्चीवर पहिला सूर लावला आणि खाली पाहिलं. अंगणात एकही श्रोता नव्हता. सगळे धोतर सावरत मळ्याकडे पळत सुटले होते.

एवढी दाद मला कलकत्त्यात कधी मिळाली नाही.