मार्थाबाईने पश्चात्ताप केला नाही

बंधूंनो आणि भगिनींनो,

गाठीचा ताप, हा प्लेग, मुंबईत आल्यापासून आपल्या या देवळात एवढी माणसं मी पाहिली नव्हती. बाकं पुरली नाहीत म्हणून मागे चटया घातल्यात. मार्थाबाईसाठी आलात, उपकार आहेत तुमचे. मला बोलणं जड जातंय. मार्था माझी मैत्रीण. मिशनच्या शाळेत आम्ही दोघी एका चटईवर बसून बाराखडी गिरवली, एकाच पावसाळ्यात दोघींची लग्नं झाली, आणि आमचे दोघींचे नवरे आज शिवडीच्या मातीत आहेत. तेव्हा दुःख आहेच. पण त्या दुःखाहून राग मोठा आहे. हे आधीच सांगते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की रेबेकाबाईंनी गोड सुरुवात करून फसवलं.

माझ्याआधी चौघे बोलले. मार्था किती सेवाभावी, किती प्रार्थनाशील, किती नम्र. मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्याकडे म्हण आहे. मी बसून ऐकत होते आणि मनात विचारत होते, ही नम्र बाई मेली तेव्हा हिच्यावर बंदी होती, हे एकालाही आठवू नये?

हो, बंदी. नव्या माणसांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आपल्या मंडळीच्या पंचांनी मार्थाबाईला प्रभुभोजनातून काढलं होतं, म्हणजे प्रभूच्या नावाची भाकर आणि प्याला तिला मिळायचा नाही. ज्या बाईने वर्षानुवर्षं प्रभुभोजनाची भाकर स्वतःच्या चुलीवर भाजून आणली, मेजावरचं पांढरं कापड स्वतःच्या हाताने धुतलं, त्या बाईला. बंदीनंतरच्या पहिल्या रविवारी भाकर पाववाल्याकडून आली. मार्था नेहमीच्या बाकावर बसली होती, बायकांच्या बाजूला, खिडकीपाशी. थाळी आली. तिच्या अलीकडच्या बाईने ती तिच्या डोक्यावरून पलीकडे दिली. प्यालाही तसाच गेला. मार्था खाली मान घालून बसली नाही. थाळीकडे बघत बसली.

मी त्याच दिवशी दारात पंचांना अडवलं. मला सांगण्यात आलं की बायकांनी असे प्रश्न आपल्या यजमानांमार्फत मांडावेत. मी म्हटलं, माझे यजमान शिवडीला पुरलेत, त्यांना जाऊन विचारू का? छत्र्या उघडून सगळे घरी गेले.

तिचा अपराध काय होता, तेही ऐका. तुमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलंय ते असं, की मार्थाबाई मरीआईला नैवेद्य घेऊन गेली. आता जे घडलं ते मी सांगते.

मार्था परळच्या चाळीत राहायची. चाळीत ख्रिस्ती घर तिचं एकटीचं, बाकी सगळे कोकणातले गिरणीकामगार. ताप आला तसे लोक बोटीने, पायी, मिळेल तसे गावाला पळाले. आपल्यातलेही पळाले. त्यांना मी दोष देत नाही, लेकराबाळांची माणसं. मार्था गेली नाही. तिच्या शेजारी पारूबाई राहते. पारूचा नवरा गिरणीत साच्यावर कापड विणायचा, तो तापाने गेला. मग तिची दोन्ही पोरं तापली. त्या पोरांना मार्थाने पाणी पाजलं, त्यांची घाण काढली. तापाची माणसं उचलून न्यायला गोरा सोल्जर घर तपासायला आला तेव्हा दारात ही उभी राहिली. आपण इथे बसून प्रार्थनेत दीनदुबळ्यांचा उल्लेख करत होतो, तेव्हाची ही गोष्ट.

पारू मालवणाकडची. तिच्या गावी रोगराई आली की मरीआईला दहीभात द्यायचा, सुपात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, लिंबू ठेवायचं आणि ते सूप वस्तीच्या वेशीबाहेर नेऊन ठेवायचं. देवी ते घेते आणि रोग घेऊन निघून जाते, अशी त्यांची समजूत. पारूने सूप भरलं. पण ती स्वतः तापातून नुकती उठलेली. उंबऱ्याबाहेर आली आणि पाय लटपटले. मार्था धावली. एका हाताने तिने पारूला कमरेला धरलं आणि दुसऱ्या हातात सूप घेतलं. तशा त्या दोघी वेशीपर्यंत गेल्या. पारूने सूप ठेवलं, नमस्कार केला. मार्था बाजूला उभी होती. मग तिला धरून परत आणलं.

बस्स. एवढंच.

आपल्यातल्या कुणीतरी रस्त्यावरून ते पाहिलं. कोण ते मला माहीत आहे, आणि त्यालाही माहीत आहे की मला माहीत आहे. मदतीला हात पुढे केला नाही, पण बातमी मात्र धावत इथे गिरगावात आणली. आठवड्याच्या आत पंचांनी मार्थाला उपासनेनंतर मागच्या खोलीत बोलावलं. सूप हातात घेतलं होतं का? घेतलं होतं. मूर्तिपूजेच्या कामात हातभार लावला, हे मान्य आहे का? ती म्हणाली, मी पारूला हातभार लावला. मग पश्चात्ताप झाला असं म्हणा, म्हणजे मिटलं. मार्था म्हणाली, कशाचा?

या एका शब्दासाठी तिला मेजावरून उठवलं.

गोविंदराव, तुम्ही समोरच बसला आहात म्हणून तुमच्याशीच बोलते. तुम्ही आपल्या पंचांत वडील. तुमची साक्ष या मंडळीने कितीदा ऐकली आहे. तुम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा तुमच्या आईने तुम्ही जिवंत असताना तुमच्या नावाचा घट फोडला, तुमचं श्राद्ध घातलं. पुढे तुम्ही भेटायला गेलात तर दार उघडलं नाही. हे सांगताना तुमचा आवाज आजही कापतो, आणि आम्ही सगळे रडतो. मी तर प्रत्येक वेळी रडले आहे. मग मला एवढंच सांगा, जिवंत माणसाला मेलेलं ठरवणं काय असतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते दुसऱ्या कुणाला करावं?

मला तुमचं भय समजत नाही असं नाही. आपण सगळेच काही ना काही तोडून आलोय. मागे वळून पाहिलं तर पाय घसरेल, असं पहिल्या पिढीला वाटतं. घरात हळदीची पुडी दिसली तरी आपल्यातल्या काही जणी दचकतात, कुंकवासाठी तर आणली नसेल ना म्हणून. पण बाप्तिस्म्याबरोबर सोवळं सोडलं म्हणायचं आणि दुसरं सोवळं नेसून बसायचं, हे कसलं? जुन्या सोवळ्यात निदान माणूस आंघोळ करून पुन्हा शुद्ध तरी व्हायचा. तुमच्या सोवळ्यात खोटं बोलल्याशिवाय शुद्ध होता येत नाही.

आता खोट्याचा विषय निघालाच आहे, तर आज मी इथे का उभी आहे तेही सांगून टाकते.

मार्थाची मुलगी इस्तेर पुढच्या बाकावर बसली आहे. इस्तेरची एक इच्छा आहे. आईच्या कबरीवर लाकडी क्रूस लावायचा आणि त्यावर 'प्रभूमध्ये झोपी गेली' एवढे शब्द कोरायचे. आपल्या प्रत्येक कबरीवर असतात तेच शब्द. पंचांनी नाही म्हटलं. बंदीत मेलेल्या बाईच्या क्रुसावर हे शब्द घालता येणार नाहीत. नुसतं नाव घाला. ती पोर पाळकसाहेबांच्या दारात जाऊन रडली. मग काल दुपारी गोविंदराव माझ्या घरी आले. चहा घेतला. म्हणाले, रेबेकाबाई, शेवटी तुम्ही मार्थाबाईंपाशी होता. उद्याच्या सभेत उभ्या राहा आणि सांगा, की जाताना त्यांनी पश्चात्ताप केला. आम्ही तिथेच बंदी उठवतो, मुलीच्या मनासारखं होतं. एका वाक्याने कुणाचं काय बिघडतं?

मी रात्रभर विचार केला. खरं सांगते, मोह झाला. इस्तेरसाठी झाला. म्हटलं, बोलून टाकू, देव समजून घेईल.

पण मी तिथे होते ना. मार्थाच्या काखेत गाठ आली होती. बोलताना धाप लागत होती. पाळकसाहेबांनीच मला सांगून पाठवलं होतं की विचारून घ्या, तयार असेल तर मी प्याला घेऊन येतो. म्हणून मी विचारलं. म्हटलं, मार्थे, पंच म्हणतायत ते म्हणून टाक गं, प्याला येईल. तिने डोळे उघडले. मला म्हणाली, "रेबेका, पारू पडत होती. मी सूप धरलं. उद्या पुन्हा पडायला लागली तर पुन्हा धरीन. याचा पश्चात्ताप केला तर प्रभूला काय तोंड दाखवू?"

हीच तिची शेवटची साक्ष. त्यानंतर तिने मला स्तोत्र म्हणायला सांगितलं. मी म्हणत होते, ती ओठ हलवत होती. प्याला आला नाही. पारूने चमच्याने पाणी पाजलं.

ती पारू आज आली आहे. बाहेर ओसरीत, खांबाला टेकून बसली आहे. आत ये म्हटलं तर येईना. तुमच्या देवळाला माझं सूप चाललं नाही, मग मी कशी चालेन, म्हणाली. मी तिला विचारलं, मार्था तुला तिच्या देवाबद्दल काही सांगायची का गं? तर म्हणते, "माका तिचो देव म्हायत नाय, बाय. तिना माझो हात सोडूक नाय, इतक्याच म्हायत." मंडळी, आपण तीस वर्षं परळात पत्रकं वाटतोय. याहून चांगली साक्ष त्या चाळीत आपल्यापैकी कुणी दिली आहे का?

तेव्हा गोविंदराव, तुम्ही मागितलेलं वाक्य मी बोलणार नाही. मार्थाने पश्चात्ताप केला नाही. करण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. इस्तेर, बाळ, मला क्षमा कर. तुझ्या आईला खोट्याच्या आधाराने मेजावर परत बसवायचं माझ्याच्याने होत नाही. तिलाही ते चाललं नसतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

बंदी घालणारे पाच पंच होते. मंडळी म्हणजे पाच पंच नव्हेत. मंडळी तुम्ही आहात. म्हणून इथून जाण्याआधी एक मागते.

पाळकसाहेब, तुम्ही मला थांबवायला उठलात ते दिसलं मला. माझं झालंच आहे.

आपल्या चालीप्रमाणे शेवटी मृताच्या आठवणीसाठी थोडा वेळ शांत राहतो. आजही राहू. फक्त आज सगळ्यांनी सवयीने उभं राहायचं नाही. मार्थाबाई प्रभूमध्ये झोपी गेली, असं ज्याचं मन सांगतं, त्यानेच उभं राहावं. ज्याचं सांगत नाही, त्याने खुशाल बसावं, मी त्याला काही म्हणणार नाही. कुणी बोलू नका. इस्तेरला मागे वळून तुमच्याकडे बघू द्या. क्रुसावर काय कोरायचं ते ती तुम्हाला बघून ठरवील.

आणि पाळकसाहेब, तुम्ही उभेच आहात. बसायचं असेल, तर आत्ता बसा.