लेकीला कुठं पावती देतेत का

माझं गाव शहागड, गोदेच्या काठचं. नवरा वारला तव्हा पोरगी आईपाशी ठेवली अन् मी जालन्याला दवाखान्यात नर्स म्हणून लागले, खोली घेतली ती एका रिटायर गुरुजींच्या घरी, मागल्या अंगाला. त्यांना मूलबाळ न्हाई, मला लेकच म्हणायचे, अन् मीबी दर महिन्याला भाडं रोख त्यांच्या हातात ठेवायचे, कधी एक दिवस मागंपुढं न्हाई.

मंग काकू, म्हंजे गुरुजींची बायको, न्हाणीत पडल्या, खुबा मोडला, अंथरुणालाच खिळल्या. काय सांगू तुम्हाला, ड्युटीवरून आले की चहाच्या आधी काकूंना कुशीवर वळवायचं, पुसायचं, पावडर लावायची, चार वर्षं केलं. त्याचा रुपया घेतला न्हाई, लेक म्हणल्यावर कसा घ्यायचा.

औंदा पगारातून टॅक्स लई कटायला लागला. हिशेबाचे साहेब म्हणले, सिस्टर, तुम्ही भाड्यानं ऱ्हाता ना, मंग मालकाच्या सहीच्या पावत्या आणा, तेवढा टॅक्स वाचतो. गुरुजींना म्हणलं तर हसले, म्हणले, लेकीला कुठं पावती देतेत का? तीनदा मागितली, न्हाईच दिली. मंग मी फॉर्मवर नुसतं त्यांचं नाव लिहून दिलं, म्हणलं विचारलं तर खोटं थोडंच बोलतील, गुरुजी माणूस.

साहेबांनी पत्र धाडून विचारलं. गुरुजींचं उत्तर आलं ते समद्या स्टाफपुढं वाचलं, सदर बाई भाडेकरू नसून माझ्या पत्नीचे मलमूत्र काढण्यासाठी ठेवलेली मोलकरीण आहे. दोघीतिघी हसल्या. खोटा क्लेम केला म्हणून मलाच मेमो.

घरी गेले अन् पेटी भरली. गुरुजी म्हणले, अगं, भाडं दाखवलं की मलाबी टॅक्स बसतो, तू कशाला मनाला लावून घेतीस? काकू आतून हाका मारून राह्यल्या, मला वळव गं, मला वळव गं. ऐकलं मी, बराबर ऐकलं. आत गेले न्हाई, पेटी उचलून निघाले.

परवा गुरुजी त्यांना माझ्याच वॉर्डात घेऊन आल्ते. पाठीला जखमा, आत हाड दिसत व्हतं. धुतलं, पट्टी केली. काकूंनी हात धरला, येतीस का घरी? म्हणलं, न्हाई. गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणले, एखादी गरजू पोरगी असली तर सांग, खोली रिकामीच हाय.

आता देवाला एवढंच मागते, काकूंना जल्दी उचल, अन् गुरुजींना लई आयुष्य दे.